उन्हाळी सुट्टीचा प्रवास: आधी अंतर मोजा, मग बाकीचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चौघांचं कुटुंब, मुलं ११ आणि ६ वर्षांची, उन्हाळ्याच्या सुट्टीत १० दिवस मोकळे. आपल्या प्रवासाचा निसर्गाला आणि तिथे राहणाऱ्यांना जाच होऊ नये अशी तुमची मनापासून इच्छा आहे. घरून न्यायच्या पाण्याच्या बाटल्या, कापडी पिशव्या, बांबूचे टूथब्रश यांची खरेदीही झाली आहे. बेत आहे तो १,५०० किलोमीटरवरच्या प्रदेशात विमानाने जाऊन तीन शहरं पाहण्याचा, 'इको' म्हणवणाऱ्या हॉटेलात राहण्याचा आणि तिकिटासोबत थोडे जास्त पैसे भरून कार्बन ऑफसेट, म्हणजे प्रवासात सुटलेल्या कार्बनच्या बदल्यात झाडं वाचवण्यासारख्या कामाला पैसे, घेण्याचा. एवढं केलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

स्पष्टच सांगते, एवढ्याने भागणार नाही. तुमच्या मनात खोट आहे म्हणून नाही, तर सगळी काळजी छोट्या गोष्टींवर खर्च झाली आणि मोठी गोष्ट तशीच राहिली म्हणून. २२ वर्षं मी लोकांच्या सहली आखते आहे. सुरुवातीची बरीच वर्षं मीही टॉवेल आणि बाटल्यांपासूनच सुरुवात करायचे. आता माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती लांब, कशाने आणि किती रात्री?

हिशेब मांडून दाखवते. विमानाच्या साध्या वर्गात एका प्रवाशामागे दर किलोमीटरला साधारण १५० ते २५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला जातो. अंतर जितकं कमी तितका आकडा वरच्या टोकाकडे सरकतो, कारण उड्डाण करून वर चढतानाच सर्वांत जास्त इंधन जळतं. रेल्वेचा आकडा ३५ ग्रॅमच्या आसपास असतो. वीज कुठून येते आणि डबे किती भरलेले आहेत यावर तो खाली-वर होतो. भरलेली लांब पल्ल्याची बस साधारण तेवढ्यातच बसते. पेट्रोलची मध्यम आकाराची गाडी किलोमीटरला १७० ग्रॅमच्या आसपास सोडते, पण हा आकडा अख्ख्या गाडीचा आहे. चौघं बसलात तर तो चौघांत वाटला जातो. एकटा माणूस तीच गाडी घेऊन निघाला तर तो विमानाच्या जवळपास जाऊन पोचतो.

आता तुमची सहल. जाऊन-येऊन ३,००० किलोमीटर, माणसं चार. विमानाने मधला आकडा धरला तरी २,४०० किलो. रेल्वेने सुमारे ४२०. आपल्या गाडीने ५१० च्या आसपास. आणि तुम्ही गाडीनेच, पण ३०० किलोमीटरवरच्या ठिकाणी गेलात तर जाऊन-येऊन साधारण १०० किलो. याच्या शेजारी बाटल्या ठेवून बघा. चौघांनी १० दिवस पाण्याची एकही बाटली विकत घेतली नाही, तर वाचणारा कार्बन ओढूनताणून वीस-पंचवीस किलो भरेल. बाटली घरून न्यायलाच हवी, पण तिचं खरं कारण वेगळं आहे, ते पुढे सांगते.

मी हा आकडा नेहमी रात्रींनी भागते. विमानाने जाऊन ९ रात्री राहिलात तर कुटुंबाच्या एका रात्रीमागे सुमारे २६५ किलो. तेवढंच उडून लोक शनिवार-रविवार धरून ३ रात्रींत परततात, तेव्हा रात्रीमागे ८०० किलो होतात. रेल्वेने जाऊन ८ रात्री राहिलात तर ५० च्या आसपास, आणि जवळच्या ठिकाणी ८ रात्री काढल्यात तर १२-१३. एवढा साधा भागाकार केला की कुठली सहल जड आणि कुठली हलकी, हे कागदावर दिसतं. लांबचं एखादं ठिकाण पाहायचंच असेल तर जरूर पाहा. पण मग ते काही वर्षांतून एकदा, लांब सुट्टी काढून. दरवर्षी चार छोट्या उड्या मारण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

विमान टाळता येणारच नसेल, तर थेट जाणारं घ्या, कारण मधे उतरून पुन्हा चढण्यात इंधन जास्त जातं. साध्या वर्गात बसा. लांब पल्ल्यावर बिझनेस क्लासची एक खुर्ची साध्या वर्गाच्या साधारण तीन खुर्च्यांची जागा खाते, त्यामुळे तिच्या वाट्याला कार्बनही जवळपास तिप्पट येतो. आणि जमलं तर दिवसाचं विमान निवडा. विमानामागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेघा पसरून पातळ ढगांसारख्या झाल्या की जमिनीवरून वर जाणारी उष्णता अडवतात. दिवसा त्या थोडं ऊन परतही पाठवतात, रात्री मात्र फक्त उष्णता धरून ठेवतात.

हे केवळ व्यक्तीच्या मर्जीवर सोडता येत नाही, असं काही देशांनाही वाटू लागलं आहे. फ्रान्समध्ये २०२३ पासून, अडीच तासांच्या आत रेल्वेने पोचता येतं अशा काही देशांतर्गत मार्गांवरची विमानसेवा बंद केली गेली. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून बोर्दो, नांत आणि लिऑनला जाणारे मार्ग त्यात आले. मार्ग मोजकेच आहेत, पण जमिनीवरून सोयीने जाता येत असेल तर उडायचं कशाला, हा प्रश्न कायद्याने विचारला, याचं मला मोल वाटतं. २०२४ च्या शेवटी 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०१९ साली जगाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी ८.८ टक्के पर्यटनातून आले. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या सुट्ट्या मिळूनच हा आकडा तयार होतो.

क्रूझबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणी सुचवली तर नको म्हणा. तरंगत्या हॉटेलाचा सगळा भार वाहून नेणारं ते जहाज असतं. दर माणशी हिशेब बहुतेक वेळा विमान आणि हॉटेल मिळूनही वर जातो.

ऑफसेटबद्दल आता. तिकिटाखालच्या चौकोनात खूण केली की तुमचा प्रवास 'कार्बन न्यूट्रल' झाला, म्हणजे सोडलेल्या कार्बनची पूर्ण भरपाई झाली, असं सांगितलं जातं. यात होतं असं की तुम्ही आज सोडलेला वायू हवेत शतकानुशतकं राहणार असतो आणि त्याच्या बदल्यात कुठेतरी झाडं वाचतील किंवा वाढतील असा शब्द तुम्हाला मिळतो. २०२३ साली 'सायन्स' नियतकालिकात अशा २६ वनसंरक्षण प्रकल्पांची तपासणी प्रसिद्ध झाली. बहुतेक प्रकल्पांनी जंगलतोड लक्षणीय प्रमाणात रोखलेली नव्हती, आणि ज्यांनी रोखली त्यांचेही दावे प्रत्यक्षापेक्षा बरेच फुगलेले होते. झाडांसाठी पैसे द्यायचे असतील तर देणगी म्हणून आनंदाने द्या. फक्त त्या पैशांनी उड्डाण पुसलं गेलं असं मनात धरू नका, कारण तसं धरलं की पुढचं तिकीट काढणं सोपं होतं.

'इको' हॉटेलचंही असंच. 'ग्रीनवॉशिंग', म्हणजे पर्यावरणाच्या काळजीचा नुसता देखावा, हा शब्दच मुळी हॉटेलच्या टॉवेलांवरून आला. जे वेस्टरव्हेल्ड या अमेरिकी पर्यावरणवाद्याने १९८६ साली तो वापरला. टॉवेल पुन्हा वापरा, निसर्ग वाचवा अशी चिठ्ठी लावायची आणि दुसरीकडे तोच निसर्ग मोडून बांधकाम वाढवत न्यायचं, हे त्याच्या नजरेला खटकलं होतं. आता युरोपीय संघाने नियम केला आहे. २७ सप्टेंबर २०२६ पासून पुराव्याशिवाय 'पर्यावरणपूरक' असं मोघम लिहिता येणार नाही, आणि ऑफसेटच्या जोरावर वस्तू किंवा सेवा 'कार्बन न्यूट्रल' आहे असंही म्हणता येणार नाही. प्रमाणपत्र पाहायचं असेल तर ते कुणी दिलं ते पाहा. ग्लोबल सस्टेनेबल टुरिझम कौन्सिल ही संस्था निकष ठरवते आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मान्यता देते. ती स्वतः हॉटेलांना प्रमाणपत्र देत नाही. म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला तिची मान्यता आहे का, एवढं तपासलं तरी बराच कोंडा पाखडला जातो.

पण माझा भर प्रमाणपत्रापेक्षा चार प्रश्नांवर असतो, आणि ते मी बुकिंगच्या आधी फोनवर विचारते. पाणी कुठून येतं? सांडपाणी कुठे जातं? कचरा कोण उचलतं आणि कुठे नेतं? कामाला माणसं कुठली, आणि हंगाम संपल्यावर त्यांचं काय? ज्याने या गोष्टींचा खरंच विचार केलेला असतो तो माणूस खुलून बोलतो, अडचणीही सांगतो. 'आमच्याकडे सगळं इको-फ्रेंडली आहे हो' एवढंच उत्तर आलं की मी पुढची जागा बघते.

पाण्याचा प्रश्न मी मुद्दाम पहिला ठेवते. उन्हाळ्यात पर्यटक सर्वांत जास्त असतात तेव्हाच विहिरी आणि झरे तळाला गेलेले असतात. पर्यटकामागे दिवसाला लागणारं पाणी ८४ लिटरपासून २,००० लिटरपर्यंत कितीही असू शकतं, असं निरनिराळ्या ठिकाणच्या मोजणीतून दिसलं आहे. एवढी तफावत पडते ती पोहण्याचा तलाव, हिरवळ, रोज धुतल्या जाणाऱ्या चादरी आणि मोठी कारंजी यांमुळे. बरीच वर्षं झाली, एका डोंगराळ भागातल्या निवासात मी एक गट घेऊन गेले होते. सकाळी खोलीच्या गॅलरीतून खाली पाहिलं तर फाटकाच्या आत टँकर उभा होता. त्याचा जाड पाइप पोहण्याच्या तलावात सोडलेला होता. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला नळावर दहा-बारा भांडी रांगेत लावलेली होती आणि नळाला करंगळीएवढी धार होती. त्या जागेचं माहितीपत्रक माझ्या हातात होतं, आणि त्यावर पानाचं हिरवं चिन्ह होतं. त्या दिवसापासून उन्हाळ्यात तलाव असलेली जागा मी कुणाला सुचवत नाही, जोवर ते पाणी कुठलं हे मला कळत नाही.

खोलीत गेल्यावर एक काम करा. शॉवरखाली बादली ठेवा, घड्याळ लावा आणि मुलांना एक मिनिटात किती भरते ते बघायला सांगा. साधा शॉवर मिनिटाला ९-१० लिटर सोडतो, जुना असेल तर त्याहूनही जास्त. म्हणजे १५ मिनिटांच्या अंघोळीत दीडशे लिटर गेले. चौघांचे सहाशे. गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी वाहून जातं तेही त्याच बादलीत पडू द्या आणि त्यात हातरुमाल, मोजे धुवा. एकदा मोजून बघितलेलं मूल पुढचे १० दिवस स्वतःच नळ बंद करतं. मोठ्यांना मात्र दोनदा सांगावं लागतं. चादरी आणि टॉवेल रोज बदलू नका, हे पहिल्या दिवशीच तोंडी सांगा. दारावरची पाटी पुष्कळदा पाळली जात नाही. एसी २५-२६ अंशांवर ठेवा, दुपारी पडदे ओढून घ्या आणि बाहेर पडताना तो आठवणीने बंद करा.

बाटलीचं खरं कारण आता. प्रश्न कार्बनचा कमी आणि कचऱ्याचा जास्त आहे. छोट्या गावांची, बेटांची, डोंगरावरच्या वस्त्यांची कचरा उचलण्याची सोय तिथल्या लोकसंख्येपुरती असते. हंगामात माणसं कितीतरी पटींनी वाढतात, पण कचरागाडी तीच राहते. उरलेलं प्लास्टिक उघड्यावर जाळलं जातं किंवा ओढ्यात लोटलं जातं. म्हणून मी एक सवय लावून घेतली आहे: बॅगेत एक जाड, तोंड बंद होणारी पिशवी असते. आमच्याकडून निघालेलं सगळं प्लास्टिक त्या पिशवीत जातं आणि जिथे कचरा वेगळा करण्याची धड व्यवस्था आहे अशा शहरात आल्यावरच ती रिकामी होते.

राहायच्या जागेबद्दल आणखी एक. अख्खा फ्लॅट अल्पमुदतीच्या भाड्याने घेणं कुटुंबाला सोयीचं वाटतं, पण मोठ्या शहरांत त्यामुळे तिथे राहणाऱ्यांना परवडणारी घरंच उरत नाहीत. बार्सिलोनाने २०२४ मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या १०,००० हून अधिक फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवले जातील. त्याच उन्हाळ्यात तिथले रहिवासी रस्त्यावर उतरले होते. मालक त्याच घरात राहतो आणि एक-दोन खोल्या पाहुण्यांना देतो, अशी जागा मिळाली तर ती घ्या. पैसा गावात राहतो, आणि कुठल्या ओढ्यात पाणी आहे, कुठल्या रस्त्याला सावली आहे, हे सांगणारं माणूस मिळतं.

शाळांच्या सुट्ट्यांमुळे तुम्हाला गर्दीचा काळ टाळता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण गर्दीची जागा टाळता येते. गर्दीने काय होतं याचं उदाहरण म्हणजे थायलंडमधली माया बे. एका चित्रपटामुळे ती प्रसिद्ध झाली, दिवसाला हजारो माणसं बोटींनी येऊ लागली, नांगरांनी आणि पावलांनी प्रवाळ मोडले. २०१८ च्या जूनमध्ये ती बंद करावी लागली आणि २०२२ च्या जानेवारीत उघडली, तीही माणसांची संख्या बांधून देऊन आणि बोटींना किनाऱ्याला लागायची बंदी घालून. मधल्या काळात उथळ पाण्यात काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क परत आले. माणसं थोडी मागे सरली की जागा सावरते, याचा हा पुरावा मला फार धीर देतो.

समुद्रावर जाणार असाल तर सनस्क्रीनचं बघा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही प्रवाळांना घातक मानली जाणारी द्रव्यं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईत १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे. प्रशांत महासागरातल्या पलाऊ या बेटांच्या देशाने त्याआधी एक वर्ष अशीच बंदी आणली. प्रवाळांचा मोठा शत्रू तापलेलं समुद्राचं पाणी हाच आहे, पण जे आपल्या हातात आहे ते करायला काय हरकत? सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे आणि टोपी. क्रीम मग चेहरा आणि हातापायांच्या पंजांपुरतंच लागतं, आणि सहा वर्षांच्या मुलाच्या मागे ट्यूब घेऊन धावावं लागत नाही.

उन्हाळा हा कित्येक किनाऱ्यांवर समुद्री कासवांचा विणीचा काळ असतो. पिल्लं रात्री वाळूतून वर येतात आणि उजेडाच्या दिशेने निघतात, कारण मोकळ्या किनाऱ्यावर सर्वांत उजळ क्षितिज समुद्राचंच असतं. मागे हॉटेलचा दिवा किंवा मोबाइलचा टॉर्च लागलेला असला की ती उलट रस्त्याकडे सरपटत जातात. अशी पिल्लं मी पाहिली आहेत. तळहाताच्या निम्म्याएवढी, अंगाला वाळू चिकटलेली, डांबरी रस्त्याच्या कडेला दमून थांबलेली. किनाऱ्याकडच्या खिडकीचा पडदा ओढणं आणि मुलांनी खणलेला खड्डा संध्याकाळी बुजवणं, या दोन गोष्टी तिथे फार मोलाच्या आहेत.

डोंगरात किंवा जंगलात जाणार असाल तर वाटेच्या मधूनच चाला, चिखल असला तरी. कडेने चाललं की वाट दरवर्षी रुंद होत जाते आणि पावसात तीच धुपते. शौचाला बसायची वेळ आली तर पाण्यापासून किमान ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून, आणि कागद पिशवीत परत. साबण, अगदी 'नैसर्गिक' म्हणून विकला जाणारासुद्धा, ओढ्यात वापरू नका. आगीबद्दल मी कुठलीही सूट देत नाही. उन्हाळ्यात उघड्यावर शेकोटी नाहीच. आणि फारसं कुणी सांगत नाही ते हे, की वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. धावून आलेल्या गाडीचा खालचा धुराचा पाइप इतका तापलेला असतो की गवत पेट घेऊ शकतं.

प्राण्यांवर स्वारी, त्यांना कवेत घेऊन फोटो, त्यांचे खेळ, यांपैकी काहीही जिथे असेल तिथे तिकीट काढू नका. 'अभयारण्य' असं नाव असलं तरी नाही. मुलं हट्ट धरतील. ११ वर्षांच्या मुलाला कारण सांगितलं तर ते नीट कळतं.

आता तुमच्या १० दिवसांचं मी काय करीन ते सांगते. तीन शहरांऐवजी एकच ठिकाण घेईन, रेल्वेने एका रात्रीत पोचता येईल असं, आणि तिथे सलग ८ रात्री राहीन. रात्रीची गाडी घेतली की जाता-येता हॉटेलच्या दोन रात्री वाचतात. पोचल्यावर पायी, सायकलने, तिथल्या बसने फिरायचं. दोन दिवस अजिबात काही न ठरवता ठेवायचे. लहान मुलांना तिसऱ्या दिवसापासून जागा आपली वाटायला लागते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. कुत्र्याची ओळख होते, दुकानदार नावाने हाक मारतो. तीन शहरांच्या सहलीत नेमक्या त्याच दिवशी आपण बॅगा भरत असतो.

गाडीनेच जायचं ठरलं तर टपावरची पेटी काढून ठेवा, चाकांतली हवा तपासा आणि महामार्गावर वेग ११० ऐवजी ९० ठेवा. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे इंधनात जाणवण्याइतका फरक पडतो.

आणि रेल्वेने जाणार असाल तर परतीचं तिकीट आधी काढा, मग जायचं. जायचं तिकीट बहुतेक वेळा मिळतं. सुट्टीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी परतीची गाडी भरलेली असते, शाळा सोमवारी सुरू होणार असते, आणि हौसेने रेल्वेने गेलेलं कुटुंब नाइलाजाने विमानाने परततं. माझ्याकडच्या कितीतरी चांगल्या बेतांचं असं झालं आहे. परतीची तारीख शनिवारऐवजी गुरुवार धरा आणि आरक्षण सुरू होईल त्या दिवशी सकाळीच बसा.